कपाटामागची ओल

घराच्या भिंतीला ओल आली आहे हे मान्य करायला मोठं मन लागतं, आणि ते माझ्याकडे नाही. मागच्या खोलीत, कपाटाच्या वर, छताच्या जरा खाली तळहाताएवढा करडा डाग दिसला तेव्हा मी त्याला सावली म्हटलं. दिवा दुसऱ्या बाजूने धरून पाहिला, तर सावली जागची हलेना. मग मी त्याला जुन्या रंगाचा दोष म्हटलं. बायको म्हणाली, त्याला केस आलेत. स्टुलावर चढून पाहिलं तर खरोखरच आले होते. मऊ, हिरवट, आणि माझ्या डोक्यावर उरलेत त्यापेक्षा चांगले दाट.

आमच्या गावची हवाच तशी आहे. इथे मीठ डबीतून पडत नाही, चमच्याने खणून काढावं लागतं. बिस्किटांचा पुडा फोडला तर तो एका बैठकीत संपवायचा, नाहीतर संध्याकाळपर्यंत बिस्किटाची घडी घालता येते. कपाटात जपून ठेवलेल्या माझ्या चामडी बुटांवर एकदा एवढी बुरशी चढली की घरी आलेल्या पाहुण्यांनी ते कुठल्या जनावराचं कातडं म्हणून विचारलं होतं.

त्यातून मी विमा कंपनीत कामाला. हळूहळू शिरलेली ओल ही अचानक आलेल्या आपत्तीत मोडत नाही, सबब आपला दावा मंजूर करता येत नाही, क्षमस्व, असं लोकांना कळवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. त्यामुळे ओलीतलं मला सगळं कळतं असा माझा समज होता. प्रत्यक्षात मला तिला फक्त नाही म्हणता येत होतं, आणि ती माझ्या कंपनीची ग्राहक नव्हती.

ही ओल हॉलमध्ये आली असती तर तिच्यावर एखादं कॅलेंडर लटकावून मी मोकळा झालो असतो. पण मागची खोली माझ्या सासऱ्यांची. सासूबाई गेल्यावर आम्ही त्यांना थोडे दिवस म्हणून घेऊन आलो. दर महिन्याला ते निघायची भाषा करतात आणि दर महिन्याला मी काहीतरी खुसपट काढून त्यांना थांबवतो. कधी त्यांचा चष्मा बदलायचा असतो, कधी माझी कंबर धरलेली असते. खरं कारण वेगळं आहे आणि ते सांगायला मला लाज वाटत नाही. संध्याकाळी मी ऑफिसातून येतो तेव्हा ते गॅलरीत दोन खुर्च्या मांडून वाट बघत बसलेले असतात. माझ्या ऑफिसच्या गोष्टी शेवटपर्यंत ऐकणारा हा जगातला एकमेव माणूस. बायको "मग साहेब म्हणाले" इथपर्यंत कशीबशी ऐकते आणि कुकर बघायला उठते. कुकर लावलेला नसला तरी उठते. सासरे मात्र दुसऱ्या दिवशी आपणहून विचारतात, की जावईबापू, त्या कॅशियरचं पुढे काय झालं.

तर त्या डागामागोमाग सासऱ्यांना खोकला लागला, आणि तो खोकला फोनमधून थेट ताईंच्या कानावर गेला. ताई म्हणजे माझी मोठी मेव्हणी. त्यांच्या गावची हवा कोरडी, खडखडीत, आणि थोड्याफार फरकाने ताईंचा स्वभावही तसाच. त्यांनी फोनवर फैसला सुनावला. महिनाअखेरच्या शनिवारी मी येते, भिंत स्वतःच्या हाताने चाचपून बघते, ओली लागली तर बाबांना घेऊन जाते, कायमचं. बायको त्या दिवशी एकच पातेलं किती वेळ घासत राहिली. सासऱ्यांना विचारलं तर म्हणाले, मला काय, तुम्ही पोरी ठेवाल तिथे राहीन. आणि अर्धा चहा तसाच टाकून उठले. मी मनात ठरवलं, की ही भिंत मी कोरडी करणारच. गॅलरीत एकटा बसून मी ऑफिसच्या गोष्टी काय कुंडीला सांगू?

आता आपल्याकडे काही दुखत असेल तर ते चारचौघांत बोलू नये, हे मला कळायला हवं होतं. मी जिन्यात नुसता "ओल" हा शब्द उच्चारला आणि इमारतीतल्या प्रत्येकात दडलेला इंजिनियर जागा झाला. कोणी म्हणालं खोलीत खडेमीठ ठेवा. कोणी म्हणालं कोळसा ठेवा. कोणी म्हणालं खडू बांधून टांगा, कोणी म्हणालं व्हिनेगर फासा, कोणी म्हणालं बल्ब चोवीस तास पेटता ठेवा. मी माणूस भिडस्त, कुणाचंच मोडवत नाही. आठवड्याभरात सासऱ्यांच्या खोलीत मिठाच्या वाट्या, कोळशाच्या टोपल्या आणि खडूंची तोरणं लागली आणि मध्ये एक जागता बल्ब. खोलीला लोणच्याच्या दुकानाचा वास येऊ लागला. सासरे पलंगावर बसून हे सगळं शांतपणे बघत होते. एवढंच म्हणाले, की माझ्यापायी तुम्हाला केवढा व्याप.

शेजारच्या काकूंचा सल्ला सगळ्यांहून साधा होता. त्या म्हणाल्या, अहो, ओल येते कुठून? बाहेरच्या हवेतून. मग खिडकी उघडी ठेवताच कशाला? हे मला इतकं पटलं की आधी आपल्याला का सुचलं नाही याचा मला रागच आला. मी खिडकीच्या फटी चिकटपट्टीने बंद केल्या. या एका उपायाला सासऱ्यांनी मनापासून पाठिंबा दिला. म्हणाले, दारही लावूनच ठेवत जा, मला काही अडचण नाही. मला वाटलं, बघा, जुनी माणसं किती समजूतदार असतात.

डाग वाढला. आता तो छताला टेकला आणि तिथून कोपऱ्याकडे सरकला. बायको स्टुलावर उभी राहून हात पुरेल तेवढं पुसायची, खाली हात जायला वाव नव्हता, कारण ते लोखंडी कपाट कोपऱ्यात तिरकं ठेवलेलं. मागे तिकोनी जागा, तिथे एखादं मांजर शिरावं किंवा आमच्या सासऱ्यांच्या अंगकाठीचा माणूस. कपाट हलवावं असं माझ्या मनात दोनतीनदा आलं, पण सासऱ्यांचा त्याला सक्त विरोध. त्यात सासूबाईंचे कपडे होते. तिने घातलेल्या घड्या आहेत, म्हणाले, विस्कटतील. आम्ही कपाटाचं नाव काढणं सोडून दिलं.

शेवटी मी सोसायटीकडे गेलो. सेक्रेटरींनी मला बसवून घेतलं आणि ओलीचे प्रकार समजावून सांगितले. वरून येणारी ओल वरच्या घरवाल्याची, बाहेरून येणारी सोसायटीची आणि आतून येणारी ज्याची त्याची. तुमची ओल कुठली, ते आधी ठरवा आणि मग तक्रार करा. मी म्हटलं, ते ठरवायलाच तर तुम्ही या. ते म्हणाले, येऊ की, पाऊस उघडला की येऊ. पाऊस उघडला तेव्हा ते येऊन गेले आणि म्हणाले, आत्ता तर पाऊस नाही, आता कसं कळणार?

संशयाची सुई अर्थातच वर गेली. वरच्या मजल्यावर एक निवृत्त हेडमास्तर राहतात, आणि त्यांचं बाथरूम बरोबर आमच्या मागच्या खोलीच्या डोक्यावर. सेक्रेटरींनी शास्त्रशुद्ध चाचणी सुचवली. वरच्या बाथरूमचं भोक बुजवायचं, निळं पाणी भरून ठेवायचं, आणि खाली कुठे निळं उतरतं ते बघायचं. हेडमास्तर आधी संतापले, मग त्यातल्या शास्त्रापुढे नमले. रात्र उलटली. आमची भिंत होती तशी हिरवी. निळं उतरलं ते शेजारच्या काकूंच्या स्वयंपाकघरात, थेट ओट्याच्या वर, चांगलं ताटाएवढं.

काकूंना त्याआधी ओलीचा काडीचाही त्रास नव्हता. आता त्यांच्या घरात निळा ढग होता आणि तो आणणारा मी होतो. हेडमास्तरांना बाथरूम खणून काढावं लागलं, म्हणून ते माझ्याशी बोलेनात. शिवाय निळ्या पाण्यात विसरून पाय घातल्यामुळे त्यांचे पाय घोट्यापर्यंत निळे झाले होते. ते जिना उतरताना मला आधी ते पाय दिसायचे आणि मग वर त्यांचा चेहरा. मी कुणाचंही वाईट केलेलं नसताना एका इमारतीत दोन घरं माझ्यावर रुसली.

वरची ओल बाद झाली. राहिली बाहेरची. मी एक वॉटरप्रूफिंगवाला आणला. त्याने भिंतीला कान लावला, बोटांनी ठोकून पाहिलं, डोळे मिटले आणि म्हणाला, भिंत पाणी पितेय. मी विचारलं, कुठलं? तो म्हणाला, बाहेरचं. त्याने दोराला लोंबकळून बाहेरून आमच्या भिंतीपुरता एक जाड लेप मारला. लेपाचा रंग पांढरा म्हणून ठरला होता, वाळल्यावर तो गुलाबी झाला. आता आमची इमारत रस्त्याच्या टोकावरून ओळखू येते. रिक्षावाल्याला पत्ता सांगायला सोपं पडतं, हे मी सेक्रेटरींना सांगून पाहिलं. त्यांनी मला इमारतीचं बाह्यरूप बिघडवल्याबद्दल जाब विचारला, आणि शनिवारी सगळ्यांसमक्ष पाहणी करून सोक्षमोक्ष लावू म्हणाले. शनिवार तोच, ताईंचा. इतके दिवस ज्यांना वेळ नव्हता त्या सगळ्यांना त्याच दिवशी वेळ होता.

शुक्रवारी दुपारी मी डोकं दुखतंय म्हणून ऑफिसातून लवकर आलो. बायको तिच्या नोकरीवर. सासरे या वेळी वाचनालयात असतात, म्हणून मी निदान मिठाच्या वाट्या तरी बदलाव्यात या विचाराने मागच्या खोलीत शिरलो. खोली गपगार होती. आणि मला ऐकू आलं. टप. टप. कपाटाच्या मागून.

तुम्हाला सांगतो, माझं हृदय आनंदाने धडधडायला लागलं. गळती सापडली. हेडमास्तर नाही, सोसायटी नाही, कुठलातरी नळ भिंतीच्या पोटात फुटलाय, आणि तो मी शोधलाय, एकट्याने. मी मोबाइलचा दिवा लावला, पोट आत घेतलं आणि कपाट आणि भिंतीमधल्या फटीतून मान घातली.

आत एक दोरी होती. दोरीवर दोन ओले शर्ट, पायजमे, बनियन, एक टॉवेल आणि एक निथळणारी चादर. चादरीच्या पलीकडे माझे सासरे उभे होते. हातात पिळलेला रुमाल, आणि तोंडात तीन चिमटे. चिमट्यांमुळे त्यांना बोलता येईना आणि आश्चर्यामुळे मला.

बाहेर आल्यावर ते पलंगाच्या कडेवर बसले आणि मान खाली घालून सगळं सांगू लागले. आमच्याकडे आल्यापासून ते स्वतःचे कपडे खोलीला लागून असलेल्या बाथरूममध्ये हाताने धुत होते आणि कपाटामागे वाळत घालत होते. संशय येऊ नये म्हणून रोज एक धुतलेला शर्ट मशीनच्या टोपलीत टाकत होते. बायको नेहमी कौतुकाने म्हणायची, आमच्या बाबांचे कपडे मळतच नाहीत. कपडे कपाटामागे नीट वाळत नसत, मग सासरे अर्धवट ओले बनियन अंगावरच वाळवत. खोकला तिथून आला होता. आणि मी बाहेर गुलाबी लेप मारत बसलो होतो.

"पण का, बाबा?" मी विचारलं. "मशीन आहे घरात. बटण तर दाबायचं असतं."

"बटण कुणी दाबायचं? लेकीनेच ना?" ते म्हणाले. "सगळा जन्म हिच्या आईकडून धुवून घेतले. एक रुमाल कधी स्वतः पिळला नाही, आणि ती गेली. आता लेकीच्या संसारात येऊन तिला कपडे धुवायला लावू? तेवढं तरी माझं मला करू द्या."

मी म्हटलं, मग गॅलरीत वाळत घाला, चोरून कशाला? तर म्हणाले, तिने पाहिलं तर तिला वाटेल आपण कमी पडलो, रडेल ती. आणि मोठीला कळलं तर विचारूच नका. तुमच्या घरात बाबा हाताने कपडे धुतात, म्हणून दोघी बहिणींत आयुष्यभराची अढी पडेल. त्यांनी माझा हात धरला. त्यांचा हात साबणाने सुरकुतलेला आणि गार होता. मला फार वाईट वाटलं. मी त्यांना शब्द दिला की हे माझ्या तोंडून बाहेर जाणार नाही. बायको यायची वेळ झालेली, म्हणून सकाळी ताई यायच्या आत सगळं हलवायचं ठरवून आम्ही गॅलरीत जाऊन बसलो. ऑफिसचा विषय त्या संध्याकाळी दोघांनीही काढला नाही.

ताई सकाळच्या पहिल्याच गाडीने आल्या. त्यांनी बूट काढायच्या आधी भिंत गाठली, हात लावला आणि तो हात मला दाखवला. मागोमाग सेक्रेटरी आले, निळे पाय घेऊन हेडमास्तर आले, काकू आल्या आणि आपला लेप निर्दोष आहे हे सिद्ध करायला वॉटरप्रूफिंगवालाही आला. ओले कपडे अजून कपाटामागेच होते, कारण ते घेऊन हॉलमधून जायचं म्हणजे ताईंच्या नाकासमोरून जायचं. सेक्रेटरी म्हणाले, कपाट हलवा. मी म्हटलं, नको, त्यात सासूबाईंचे कपडे आहेत. ताई म्हणाल्या, आईच्या कपड्यांना बुरशी लागली असेल, आधी हलवा. मी कपाटाला पाठ लावून उभा राहिलो आणि कपाट किती जड आहे यावर बोलू लागलो. हेडमास्तर आणि वॉटरप्रूफिंगवाल्याने मला कपाटासकट बाजूला सरकवलं.

दोरीवरची चादर सगळ्यांच्या समोर आली. तिच्यातून अजूनही पाणी ठिबकत होतं. सासरे पलंगाच्या कडेवर बसून जमिनीकडे बघत होते, आणि त्यांचे कान लाल झाले होते.

"हे कोणाचे कपडे?" ताईंनी विचारलं.

"माझे," मी म्हटलं.

हेडमास्तरांनी दोरीवरचा एक बनियन काढला आणि माझ्यासमोर धरून पाहिला. त्यात माझा एक हात फार तर मावला असता. धुतल्यावर आटला, मी म्हटलं. मग मी बोलतच सुटलो. मशीनवर माझा विश्वास नाही, लहानपणापासून मला हाताने धुवायची सवय आहे, उन्हात रंग उडतो, चारचौघांत कपडे वाळत घालायला मी लाजतो. वॉटरप्रूफिंगवाला म्हणाला, म्हणजे बंद खोलीत एवढं पाणी रोज? साहेब, मग भिंत आणखी काय करणार. सेक्रेटरी म्हणाले, ओल आतली, ज्याची त्याची. काकू नुसत्या माझ्याकडे बघत होत्या. विमा कंपनीत मी जी काही इज्जत कमावली होती ती तिथे त्या दोरीला लटकली.

बायको त्या शर्टांकडे बघत होती. ते तिनेच विकत आणले होते, तिच्या वडिलांसाठी, दोन्ही. तिने शर्टाची बाही हातात घेतली, वडिलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिने पदर डोळ्यांना लावला नाही. "हो गं ताई," ती म्हणाली, "यांची जुनी खोड आहे. मी किती वेळा सांगितलं, ऐकतील तर शपथ."

मला हायसं वाटलं, पण क्षणभरच. ताईंनी कमरेवर हात ठेवले. "म्हणजे यांच्या खोडीपायी बाबा खोकतायत? मग तर प्रश्नच मिटला. बाबा, बॅग भरा. असल्या विक्षिप्त माणसाच्या घरात मी तुम्हाला एक दिवसही ठेवणार नाही."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. सासऱ्यांची अब्रू वाचवायच्या भरात मी त्यांना घालवायची सोय करून ठेवली होती. तोंड उघडावं तर दिलेला शब्द मोडतो, न उघडावं तर माणूस जातो. मी दोरीवरचा टॉवेल काढून त्याची घडी घालायला लागलो, कारण हातांना काहीतरी करायला हवं होतं.

सासरे उठले. त्यांनी माझ्या हातातला टॉवेल घेतला, झटकला आणि खांद्यावर टाकला. मग खिडकीपाशी गेले, माझी चिकटपट्टी टर्रकन ओढून काढली आणि दोन्ही दारं सताड उघडली.

"मी येत नाही," ते ताईंना म्हणाले. "तूच सांग, बंद खोलीत ओले कपडे वाळत घालणारा हा माणूस. तुझी बहीण दिवसभर कामाला. यांना एकटं टाकून मी येऊ कसा? इथे कुणीतरी जाणतं माणूस नको?"

ताईंनी वळून चादरीकडे पाहिलं. पुरावा त्यांच्या डोळ्यांसमोर ठिबकत होता.

"आणि जावईबापू," ते माझ्याकडे वळले. आवाज मुद्दाम कडक केलेला होता. "उद्यापासून या घरातले कपडे मी धुणार आणि गॅलरीत मी वाळत घालणार. तुमच्यावर माझा भरवसा नाही."

"बरं, बाबा," मी म्हटलं.